मखमल उतरली की

श्रावणात चंपाबाई नवऱ्याला म्हणाली, "भावानं देवगाव रंगारीला घर बांधलंय. एकदा जोडीनं जाऊन येऊ."

सांडू संभाजीनगरच्या प्राणीसंग्रहालयात सांबरं सांभाळायचा. शब्दाचा पक्का, पण आधी जनावर, मग माणूस.

"आत्ता नाय जमायचं," तो म्हणाला. "नराची नवी शिंगं कवळी हायेत. वरच्या मखमलीत नुसतं रक्त असतं. जरा आपटलं की भळाभळा वाहतं. शिंगं कडक झाली, मखमल उतरली, की दुसऱ्याच दिवशी निघू."

तेव्हापासून तो घरी आला की ती पाण्याच्या तांब्याबरोबर विचारायची, "झाली का कडक?"

भाद्रपदात तिला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. शिंगं तेव्हाही मऊच होती.

दिवाळी सरली तसा नर बाभळीच्या खोडाला शिंगं घासायला लागला. मखमलीच्या रक्ताळलेल्या चिंध्या त्याच्या डोळ्यांवर लोंबत होत्या. बघायला आलेली एक बाई हळहळली, "किती दुखत असेल त्याला."

"नाय दुखत," सांडू म्हणाला. "आतलं रक्त कवाच आटलंय. मेलेल्या कातडीला कसलं आलंय दुखणं."

दुपारी त्यानं ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारकून धम्मपाल चंपाबाईच्या मयतीला आला होता. त्यानं कारण वाचलं: पत्नीला माहेरी नेणे. "कधीची हवी?" त्यानं विचारलं.

"उद्याचीच द्या, भाऊ," सांडू म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी निघू म्हणलो व्हतो तिला."