पहिले दोन किलोमीटर

जेरोतिचला हरण्याची सवय नव्हती, आणि ती लावून घ्यायचा तिचा विचारही नव्हता. केनियातल्या कॅप्साबेटजवळच्या गावातून नेब्रास्काच्या या कॉलेजात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्यात आसपासच्या सगळ्या शर्यती तिने खिशात घातल्या होत्या. "आज कोण जिंकेल?" असं कोणी विचारलं, की ती सरळ म्हणायची, "मी. अजून कोण?" लाजणं-बिजणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि ते बरंच होतं.

पण इथल्या गवतावरच्या शर्यतींचा हिशेब मोठा तिरपागडा. संघातल्या सात मुली धावतात. त्यातल्या पहिल्या पाचजणींचे नंबर मिळवायचे आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, तो संघ जिंकला. जेरोतिच पहिली आली की एक गुण. दुसरीला दहा हात मागे टाकलं तरी एकच, मैलभर मागे टाकलं तरी एकच. घोडं अडायचं ते पाचव्या मुलीपाशी, आणि ती पाचवी म्हणजे ब्रिन ओलाफसन.

ब्रिनचं हे शेवटचं वर्ष. बापाच्या गोठ्यात दीडशे गुरं होती आणि मे महिन्यात पदवी घेऊन ती तिकडेच परतणार होती. पोरगी दणकट. सरावात छान पळायची. पण शर्यतीत दोनशे मुली एकदम सुटल्या की तिचा धीर सुटायचा. कुत्रं मागे लागल्यासारखी ती पहिले दोन किलोमीटर पळायची आणि चौथ्यात तिची फेफे उडायची. मग नंबर साठावा, नाहीतर सत्तरावा.

गेल्या वर्षी यापायीच संघाची राष्ट्रीय शर्यत हुकली आणि स्वतःच्या पहिल्या नंबरावर जेरोतिच एकटीच गेली. विमानात शेजारी कोच टटल, हॉटेलात कोच टटल, जेवताना समोरही तेच. माणूस भला, पण बोलायचा फक्त गुडघ्यांबद्दल. तिला पदक मिळालं, आणि मिठी मारायला कोणी नव्हतं. गावाकडे तिच्यासोबत चाळीसजण एका घोळक्यात पळायचे. पुन्हा तसं एकटीने जायचं नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

यंदा विभागातले पहिले दोन संघ राष्ट्रीय शर्यतीला जाणार होते. विभागीय शर्यतीच्या सकाळी मुली एकमेकींच्या वेण्यांत हिरव्या फिती गुंफत बसल्या होत्या. जेरोतिचचे केस बोटभर, म्हणून ब्रिन तिच्या मनगटाला फीत बांधत होती.

"ऐक," जेरोतिच म्हणाली, "पहिले दोन किलोमीटर माझ्या खांद्याला खांदा लावून पळायचं. एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ."

"तुझ्याबरोबर? मरेन मी!"

"तू माझ्याबरोबर नाही गं. मी तुझ्याबरोबर पळणार आहे."

ब्रिनच्या हातातली फीत सुटली. "वेड लागलंय का तुला? आणि तुझा पहिला नंबर?"

"तो कुठे पळून जातोय? नंतर जाऊन घेते."

"जेरो, माझ्यापायी हरलीस ना, तर आयुष्यात तोंड दाखवणार नाही मी तुला."

"बरं. आधी गाठ नीट मार."

कोचना तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुडघ्यांपासून सुरुवात झाली असती.

बार उडाला. दोनशे मुली उधळल्या आणि सवयीने ब्रिनही.

"पोले!" जेरोतिच शेजारून ओरडली. हळू म्हणायची ही तिची हाक सगळ्या संघाला पाठ होती.

"अगं, सगळ्या पुढे चालल्यात!"

"जाऊ दे. भेटतील परत."

"आपण शंभराव्या आहोत, जेरो!"

"बोलायला दम आहे ना? मग बरोबर चाललंय."

किलोमीटरच्या खुणेपाशी कोच टटलनी डोक्याला हात लावला. "काय झालं? गुडघा का?" जेरोतिचने नुसता हात हलवला. दुसऱ्या एका संघाचा कोच आपल्या मुलींना ओरडून सांगत होता, "केनियाची पोरगी ढेपाळली! रान मोकळं आहे!" ते ऐकून तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की ती ब्रिनच्या खांद्याजवळ राहिली ती केवळ हट्टाने. इतकं अवघड ती आजवर कधी पळाली नव्हती.

दोन किलोमीटरची पाटी आली. ब्रिनचा श्वास एकसारखा चालला होता.

"आता दिसेल ती पाठ गाठायची. एकेक करून," असं म्हणून जेरोतिच सुटली.

मग मात्र तिने कोणाची गय केली नाही. वीस मुली मागे पडल्या, चाळीस पडल्या, साठ पडल्या. रान मोकळं आहे म्हणणाऱ्या त्या कोचला तिने जाता जाता हसून हात केला. शेवटच्या चढावर पुढे तिघीच उरल्या होत्या. एकीला तिने गाठलं. दुसरीच्या पाठीवरचे आकडे वाचता येत होते. अजून शंभर मीटर असते तर तीही गेली असती, पण ते नव्हते. जेरोतिच तिसरी आली.

तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण ती लगेच वळली आणि दोरीपाशी उभी राहून हिरव्या जर्सी मोजू लागली. संघातली दुसरी आली, तिसरी आली, चौथी आली. मग बराच वेळ नुसते इतर रंग. स्वतःच्या नंबरासाठी तिने देवाला कधी त्रास दिला नव्हता, आज ब्रिनसाठी दिला. आणि ब्रिन आली, शेवटच्या दहा पावलांत दोघींना मागे टाकत, एकेचाळिसावी. येऊन ती जेरोतिचच्या पायाशीच कोसळली.

"जिंकलीस ना?" गवतात तोंड खुपसून तिने विचारलं.

"हो," जेरोतिच म्हणाली.

थोड्या वेळाने फलकावर आकडे लागले. त्यांचा संघ दुसरा, एकशे बारा. तिसऱ्या संघाचे एकशे तेरा.

"एका गुणाने वाचलो!" कोच टटलचा आवाज चिरकला होता. "आणि तू दोन गुण उधळून आलीस, कळतंय का?"

"ब्रिनने वीस आणलेत, कोच. बेरीज तुम्हीच शिकवलीत."

ब्रिन मात्र फलकावरचं दुसरं काहीतरी वाचत होती. ती वळली तेव्हा तिचे डोळे वाहत होते. "खोटारडे! तिसरी आलीस तू. मी म्हटलं होतं ना, तोंड दाखवणार नाही म्हणून?"

"नको दाखवूस," जेरोतिच म्हणाली. "विमानात खिडकीबाहेर बघत बस. पण जेवताना माझ्यासमोर तूच बसायचंस."