आठ फटक्यांची सवलत

रविवार, १९ जानेवारी २०२५ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, बेंगळुरूच्या रेसकोर्सवर चौदाशे मीटरच्या शर्यतीत, ‘सॉफ्ट लाँच’ ही आमची चार वर्षांची घोडी अकरा घोड्यांमध्ये चौथी आली. तिला एकही फटका बसला नव्हता.

‘आमची’ हा शब्द मी जबाबदारीने वापरतो आहे. महादेवपुऱ्यातील आमच्या गृहसंकुलातल्या बारा जणांनी मिळून ही घोडी घेतली होती. अकरा जण पुण्या-मुंबईहून आलेले, संगणक कंपन्यांत काम करणारे, चाळिशीच्या आतले. बारावा मी, पद्मनाभ. वय बहात्तर, यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक, आणि पीण्या या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या क्रेन तपासण्यात सारी नोकरी घालवलेला. शर्यतीचा शौक मला कधीच नव्हता. त्यांना मी हवा होतो, कारण ट्रेनरला सूचना देण्यासाठी सर्वांच्या वतीने एकच अधिकृत व्यक्ती लागते. पहाटे तबेल्यात जाण्याची त्यांच्यापैकी कुणाला सवय नव्हती. आणि अकरा जणांचे मिळून कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे थोडे आणि ‘सरी’ म्हणजे बरे, या दोन शब्दांत संपत होते. मी एका अटीवर होकार दिला. घोडीवर चाबूक उचलायचा नाही. ही अट त्यांना इतकी भावली की ती त्यांनी हिरव्या टी-शर्टांवर छापून घेतली: ‘नो व्हिप’. फोटो काढले. ते फोटो पाहून अनोळखी लोकांनी त्यांचे कौतुक केले, आणि माझ्या मते तिथेच त्यांचे काम झाले होते.

पुढच्याच शनिवारी संकुलाच्या क्लबहाउसमध्ये त्यांनी ‘रेट्रो’ नावाची आढावा बैठक घेतली. भिंतीवर आलेख होता, टेबलावर मद्दूर वडे होते. गटाचा पुढारी प्रणीत हा पुण्याचा, कामाने प्रॉडक्ट मॅनेजर. त्याने आलेखावर बोट ठेवले.

“काका, डेटा बघा. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आपण मागे पडतोय. बाकीचे सगळे व्हिप वापरतात. रूल आठ फटक्यांचा आहे. आपण आठच्या आठ वाया घालवतोय.”

“वाया?”

“म्हणजे अनयूज्ड. सुट्ट्या लॅप्स होतात ना, तसं.”

मी त्याला समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. म्हटले, “क्रेनवर ‘पाच टन’ लिहितात ते त्याच्यावर जाऊ नये म्हणून. चार टन उचलल्यावर उरलेला एक टन वाया गेला, असं मला आजवर एकाही फोरमननं सांगितलं नाही.”

“काका, पण तुमची क्रेन शर्यतीत पळत नव्हती,” निहार म्हणाला. हा मुंबईचा. सगळे हसले. विनोद चांगला होता, मीही हसलो.

हर्षिता संकुलातल्या भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालते आणि कातड्याची पर्स वापरत नाही. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “आणि हल्लीच्या व्हिपला फोम असतो, काका. लागत नाही. नुसता आवाज होतो.”

“नुसता आवाज हवा असेल तर कठड्याशी उभं राहून टाळ्या वाजवा.”

“घोड्याची स्किन जाड असते हो.”

“त्या जाड कातडीवर माशी बसली की घोडी तेवढीच जागा थरथरवून तिला उडवते. पहाटे साडेपाचला तबेल्यात या, दाखवतो.”

पहाटे साडेपाच ही वेळ ऐकून चर्चा संपली. मग फोनवर निनावी मतदान झाले. प्रश्न असा होता: ‘आपण पुढच्या रेससाठी फ्लेक्सिबल राहावं का?’ नऊ जणांनी हो म्हटले. प्रश्नात चाबूक हा शब्द कुठेही नव्हता.

इथे शंभूराजविषयी सांगणे आवश्यक आहे. आमच्या घोडीचा हा जॉकी, बेंगळुरूच्याच एका जुन्या मराठा घरातला, अडतिशीचा. त्या मोसमात त्याच्याकडे शर्यतीत बसायला ही एकच घोडी. ती हातची गेली असती तर त्याला पहाटेच्या सरावापुरते घोडे फिरवण्याच्या कामावर परतावे लागले असते, आणि त्या कामावरून शर्यतीत परत येणारे जॉकी फार थोडे. चाबूक न वापरता बसायला तो तयार झाला, तेव्हा इतर जॉकींनी त्याची टिंगल केली. ट्रेनर कृष्णमूर्तींनी मात्र मला कन्नडमध्ये एवढेच सांगितले की घोडी त्याच्या हाताखाली खूश आहे, दाणा संपवते.

२ फेब्रुवारीला दुसरी शर्यत होती. शर्यतीआधी घोडे जिथे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये आम्ही बारा जण गोलात उभे होतो; अकरा हिरवे टी-शर्ट आणि माझा पांढरा सदरा. घोडीच्या नाकाजवळ तोंड नेऊन फोटो काढण्याचे काम चालू होते. शंभूराज आला, टोपीला हात लावला.

“बोला अण्णा, आज काय हुकूम?”

मी उत्तर देण्याआधी प्रणीत पुढे झाला. “शंभूराजजी, आज जरा इंटेंट दिसू दे.”

“इंटेंट म्हंजे काय, साहेब?”

“म्हणजे... पुश. शेवटी शेवटी. कळलं ना?”

“मारू काय?”

निहारने फोन बाहेर काढला. हर्षिता घोडीच्या आयाळीवरून हात फिरवत म्हणाली, “मारण्याची भाषा कोण करतंय? आम्ही तसले लोक नाही.”

“मग नको मारू?”

“तसंही नाही म्हणत आहोत.”

“अक्का,” शंभूराज शांतपणे म्हणाला, “माझा हात वर जातोय, नाहीतर खाली राहतोय. मधलं काय असलं तर करून दाखवा. शिकून घेतो.”

बाजूला उभा असलेला दुसरा एक जॉकी मोठ्याने हसला. प्रणीतच्या चेहऱ्यावर आपला अपमान झाल्याचा भाव आला. त्या क्षणापर्यंत अपमान होऊ शकेल असे प्राणी त्याच्या हिशेबात दोनच होते, तो स्वतः आणि कदाचित हर्षिता.

मी म्हणालो, “तुमच्यापैकी नऊ जणांनी हो म्हटलं आहे. त्यांतल्या कुणाही एकानं पुढं यावं आणि याच्या डोळ्यांत बघून ‘मार’ म्हणावं. अधिकृत व्यक्ती म्हणून मी ते मान्य करीन, अडवणार नाही.”

मी खरोखरच अडवले नसते. एवढा धीर कुणी दाखवला असता, तर निदान त्या घोडीला कोण मारते आहे हे तरी स्पष्ट झाले असते.

“काका, हा ट्रेनरचा डिसिजन आहे,” प्रणीत म्हणाला.

मी हे कृष्णमूर्तींना कन्नडमध्ये सांगितले. त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि उत्तर दिले, “मालक म्हणतील तसं.”

ट्रेनर मालकांकडे, मालक ट्रेनरकडे, आणि दोघांच्या मध्ये घोडी, जिला कुणी विचारत नव्हते. जॉकींनी घोड्यांवर बसावे म्हणून घंटा झाली.

“तर मग मी सांगतो,” मी म्हणालो. “मारू नकोस.”

“सरी अण्णा,” असे म्हणून तो चढला.

घोडी तिसरी आली. आधीच्या शर्यतीत ती चौथी होती. मला ही प्रगती वाटली. गटाला ते नेतृत्वाचे अपयश वाटले. त्याच संध्याकाळी, पुन्हा निनावी मतदानाने, अधिकृत व्यक्ती म्हणून माझ्या जागी प्रणीतची नेमणूक झाली. ‘काकांचे मार्गदर्शन आम्हाला कायम हवे आहे,’ असेही त्यात लिहिले होते. नंतर ‘रिसोर्स बदलू’ असा एक ओळीचा निरोप आला. शर्यतीच्या घोड्यावर बसून ताशी साठ किलोमीटरने धावणाऱ्या माणसाला रिसोर्स म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

शंभूराजचा मला फोन आला. “अण्णा, त्यांनी मेसेज केलाय. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा, आणि खाली फूल. एवढ्या इज्जतीनं मला आजवर कुणी काढलं नव्हतं बघा.”

“आता काय करशील?”

“पहाटे घोडे फिरवीन. घरी अजून सांगितलं नाही.” मग तो म्हणाला, “घोडीचं वाईट वाटतंय. तिला ठाऊक नाही ना, मतदान झालंय म्हणून.”

नवा जॉकी चाबकासाठी प्रसिद्ध होता. त्याला कुणी काही सांगितले नाही, कारण त्याला काही सांगावेच लागत नसे; त्याची निवड होण्यामागे हाच गुण होता. २३ फेब्रुवारीला मी मालकांच्या कक्षात न बसता शेवटच्या दोनशे मीटरच्या खुणेजवळ कठड्याशी उभा राहिलो.

वळणावरून घोडे सरळ रस्त्याला लागले तेव्हा सॉफ्ट लाँच तिसरी होती. ती जितकी धावू शकत होती तितकी धावत होती. मान पुढे, कान मागे, नाकपुड्या लाल. खुणेपाशी त्या माणसाचा हात वर गेला. फोमचा आवाज ओल्या पोत्यावर फळी आपटावी तसा येतो. पहिल्या फटक्याला ती दचकली. नंतर दचकायलाही तिला उसंत मिळाली नाही. ती दुसरी झाली, मग पहिली, आणि पुढे कुणीही उरले नसताना त्याने तिला आणखी दोन लगावले. मी मोजत होतो. एकूण नऊ झाले.

घोडी मानेच्या अंतराने जिंकली. चाबकाने घोडी धावली का, की ती त्या दिवशी तशीही जिंकली असती, हे मला सांगता येणार नाही. एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये असे मला शिकवले आहे. आणि चाबकाने ती खरोखर धावली असेल, तरी माझे म्हणणे बदलत नाही.

“काका! जिंकलो!” हर्षिता धावत आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या छातीवर ‘नो व्हिप’ लिहिलेले होते.

शर्यतीचे पंच असलेल्या स्टुअर्डांनी चित्रफीत पाहिली. नवव्या फटक्याबद्दल जॉकीवर काही दिवसांची बंदी आली. विजय कायम राहिला, कारण नियमात तसे होते. मी तबेल्यात गेलो. घोडीच्या उजव्या मांडीवर लांबट फुगवटे होते. हात लावला तेव्हा तिने तो पाय उचलून बाजूला घेतला. याआधी तिने माझ्यापासून पाय काढून घेतला नव्हता.

रात्री आठ वाजता क्लबहाउसमध्ये बैठक झाली. टेबलावर चषक होता, केक होता. ती चित्रफीत मात्र लोकांपर्यंत पोहोचली होती आणि हिरव्या टी-शर्टांची थट्टा चालू होती. प्रणीतने निवेदनाचा मसुदा वाचला.

“‘मर्यादेपलीकडे जाऊन झालेल्या चाबकाच्या वापराचा आम्ही, सॉफ्ट लाँचचे मालक, तीव्र निषेध करतो. संबंधित जॉकीशी आमचा यापुढे संबंध राहणार नाही.’ कसं वाटतंय, काका?”

“म्हणजे निषेध एका फटक्याचा.”

“टेक्निकली, हो.”

“आणि आठांचं काय?”

“ते रूलमध्ये बसतात.”

“त्यांतला नववा कोणता, हे तिला कळलं असेल?”

“काका, आता तुम्ही इमोशनल होताय,” निहार म्हणाला. बहात्तर वर्षांत माझ्यावर हा आरोप कुणी केला नव्हता. घरी तर उलट तक्रार आहे.

मी रीतसर दुरुस्ती मांडली. ‘मर्यादेपलीकडे जाऊन झालेल्या’ हे शब्द काढावेत. शंभूराजला परत बोलवावे. आणि यापुढे घोडीवर चाबूक उचलला जाणार नाही, असे बाराही जणांनी आपापल्या नावानिशी जाहीर करावे.

“नावानिशी कशाला?” हर्षिताने विचारले.

प्रणीतने दुरुस्ती फोनवर टाकली, मतदान निनावी ठेवले आणि केक कापायला घेतला. अर्ध्या तासाने मुदत संपली. दुरुस्तीच्या बाजूने एकच मत पडले.