वीस घोड्यांचं इंजिन

भगवंतराव वकिलांना कायद्याखेरीज काही कळत नव्हतं, आणि कायदाही बेताचाच. पण अमरावतीत वीज येऊन काही वर्षं झाली तरी ती उन्हाळ्यात रोज जायची, आणि शेजारच्या केशवरावांनी घरच्या विजेसाठी सहा घोड्यांचं तेलाचं इंजिन आणि डायनामो बसवला, तेव्हा वकिलांचा जीव जळू लागला.

त्यांनी अकोल्याच्या कापसाच्या जिनातला मिस्त्री सूर्यभान बोलावला. त्यानं घरभर फिरून दिवे मोजले.

"दहा दिवे, दोन पंखे अन् विहिरीचा पंप. पंप सुरू होतानी तिप्पट जोर मांगते, तो धरला तरी पाच घोड्यांचं इंजिन पुरन."

"पाच? केशवरावांकडे सहा आहे!"

"त्यायच्या घरी पिठाची चक्की हाय, साहेब. मोठं इंजिन रिकामं चाललं का नुसता धूर वकते."

"मिस्त्री, तू नट आवळ. अक्कल शिकवू नकोस."

वकिलांच्या पत्नी वच्छलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "तो म्हणतो ते ऐका तरी," त्या म्हणाल्या. वकिलांनी मान वळवायचे कष्टही घेतले नाहीत. एका बंद पडलेल्या जिनातून त्यांनी वीस घोड्यांचं धूड आणवलं आणि परसात बसवलं. ते पाहायला आलेल्या प्रत्येकाला ते आकडा दोनदा सांगत.

वैशाखात त्यांच्या लेकीला, सिंधूला, पाहायला अकोल्याहून बापूसाहेब आपल्या मुलाला, वसंतला, घेऊन आले. भर दुपारी वीज गेली. वकील इतके खूष झाले, की जणू ती त्यांनीच घालवली होती. त्यांनी गड्याला खूण केली.

इंजिन धडधडलं. फडताळातल्या कपबशा नाचू लागल्या. पंखे फिरले खरे, पण खिडकीतून आलेला काळा धूर त्यांनी सगळ्या खोलीभर वाटला. बापूसाहेबांच्या पांढऱ्या उपरण्यावर काजळी बसली.

"शिक्षण किती?" त्यांनी ओरडून विचारलं.

"मॅट्रिक!" सिंधू ओरडली.

"सिक? आजारी? कधीपासून?"

वकील मात्र हसत होते. "वीस घोडे!" ते पाहुण्यांच्या कानाशी ओरडले.

वच्छलाबाई उठल्या. परसात गेल्या, गड्याला बाजूला केलं आणि तेलाचा कॉक स्वतः बंद केला. घर एकदम शांत झालं. घामानं भिजलेली माणसं हातपंखे घेऊन बसली, आणि सिंधूनं पहिल्यांदाच सरळ आवाजात वसंतला विचारलं, "तुम्हाला वाचायला काय आवडतं?" तो लाजला, मग बराच वेळ बोलत राहिला. आठ दिवसांनी अकोल्याहून होकाराचं पत्र आलं.

त्याच आठवड्यात वच्छलाबाईंनी सूर्यभानला निरोप धाडला. ते धूड बैलगाडीतून गेलं, पाच घोड्यांचं इंजिन आलं आणि पंपासकट सगळं निमूट चालू लागलं. सूर्यभाननं बाईंना वंगण कुठे घालायचं ते दाखवलं, चहा घेतला आणि गाडी गाठायला निघाला. वकील तेवढा वेळ माडीवर खोटं खोटं वाचत बसले होते. पुढे बार रूममध्ये ते नव्या वकिलांना समजावून सांगत, की इंजिन घ्यायचं तर आधी घरातले दिवे मोजावेत, हे बहुतेकांना सुचतच नाही.