दोन कंपन्यांचे नळ

कंपन्या समाजसेवा का करतात, यावर कोमलने एमबीएच्या पेपरात चार पानं भरली होती. कायद्याच्या धाकाने करतात, गावात नाव चांगलं राहावं म्हणून करतात, आपण समाजाचं देणं लागतो म्हणून करतात, नाहीतर शेजारच्या कंपनीने केलं म्हणून करतात. एमआयडीसीतल्या कारखान्यात सीएसआर, म्हणजे कंपनीची समाजसेवा, सांभाळायला लागल्यापासून तिची गाठ फक्त शेवटच्या कारणाशी पडत होती.

तिची आई गंगाबाई पनवेलच्या खाडीजवळच्या बाजारात मासळी विकायची. तिथे पाण्याचा पत्ता नव्हता. मासळी धुवायला ती घरून कळशा वाहून न्यायची आणि गुडघे धरून बसायची. कंपन्यांनी बाजाराला दिल्या होत्या छत्र्या. एकीने दिल्या म्हणून दुसरीनेही दिल्या.

कोमलने पाइपलाइन आणि नळांचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा पाठवला. तिचे साहेब प्रणित सर दर वेळी विचारायचे, "बाजूवाल्यांनी केलंय का असं काही?"

"नाही सर."

"मग आपणच कशाला पुढे पुढे करायचं?"

शेवटी कोमलचं डोकं फिरलं. "बाजूची कंपनी बाजारात पाणी देतेय सर," तिने ठोकून दिलं. सरांनी त्याच दिवशी मंजुरी दिली. मग थाप पचावी म्हणून तिने बाजूच्या कंपनीत हेच काम बघणाऱ्या रुचिराला फोन केला आणि आमचं पाणी येतंय असं कळवलं. तिकडेही मंजुरी मिळाली. शिकलेलं कधी नव्हे ते कामी आलं, म्हणून कोमल खूश झाली.

उद्घाटनाला दोन्ही कंपन्या आल्या. प्रत्येक ओट्यावर दोन-दोन चकचकीत नळ, वर दोन पाट्या. प्रणित सरांनी रिबीन कापून नळ सोडला. थेंबही आला नाही.

"बाजूवाल्यांची लाइन अजून जोडली नाही वाटतं," सर म्हणाले. "ते पाणी देतायत म्हणालीस ना, म्हणून मी प्रस्तावातून आपली पाइपलाइन काढून टाकली. त्यांच्या लाइनवर चालतील असे नुसते नळ ठेवले."

कोमलने रुचिराकडे पाहिलं. रुचिराचा चेहरा उतरला होता. तिच्या साहेबांनीही तेच केलं होतं.

फोटो मात्र निघाले. माणसं पांगल्यावर कोमलने आईला सगळं सांगितलं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. गंगाबाईने ऐकून घेतलं आणि कळशी कमरेवर चढवली.

"मंग आता तिसऱ्या कंपनीला सांग," ती म्हणाली, "या दोगांनी पानी आनलंय म्हनून."