खांड गेली

बाबांचा जबडा मोडला त्या दिवशी त्यांना मोटरसायकलवर बसवून पनवेलच्या दवाखान्यात नेलं ते माझ्या भावानेच, हरेशने. तारा बसवून घेतल्या, चमच्याने मोसंबीचा रस पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचे दोन्ही डंपर पुन्हा खाडीवरच्या त्याच बांधावर भराव टाकायला हजर. ज्यांनी बापाला मारलं त्यांच्याच कामावर! मी हाताला लागला तो पितळी तांब्या त्याच्या तोंडावर फेकला. डावी भुवई फुटली, चार टाके पडले. "मना मारून खाडी वाचनार हाय काय, रंजू?" एवढंच तो म्हणाला. मला त्याचा राग अजून आहे. तो नाही, तरी आहे.

आमचं गाव गव्हाणच्या अलीकडे. खाडी गावाला वळसा घालते त्या कोपऱ्याला आम्ही वाकण म्हणतो. आत तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, दाट रान, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आणि चिंबोऱ्या, आणि पावसाळ्यात आत शिरणारा जिताडा मासा. एका कंपनीला तिथे कंटेनर ठेवायचे होते. तिवर तोडला तर गुन्हा होतो, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक. म्हणून तिने एकाही झाडाला हात लावला नाही. रस्त्याच्या नावाखाली वाकणाच्या तोंडावर आडवा बांध घातला, भरतीचं पाणी कोंडलं आणि झाडं आपली आपण मरायची वाट कंपनी बघत बसली. बाबा बांधावर आडवे उभे राहिले तेव्हा कंपनीचा सुपरवायझर उदयसिंह याने त्यांच्या तोंडावर लोखंडी पाइप घातला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या.

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे अर्ज दुरुस्त करून देण्यात माझं आयुष्य गेलं. वाकणासाठी मी त्रेसष्ट अर्ज टाइप केले. प्रत्येकाची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही. शेवटी कोर्टाने समिती नेमली. सोमवारी येऊन ती दोनच गोष्टी बघणार होती: वाकणात भरतीचं पाणी येतं का, आणि तिवर जिवंत आहे का. नसेल, तर ती कोरडी जमीन. कंपनी मोकळी.

बांध पडल्यापासून आठ महिन्यांत पानं पिवळी पडली होती. त्याआधीच्या शनिवारी अमावास्या होती, दुपारी साडेबाराला उधाण. त्या भरतीला पाणी आत घ्यायचं, तर बांध फोडायला शंभर हात हवे होते. माझ्या मोर्चाला सतरा माणसं यायची, त्यातली पाच चहाला. बाकीच्या घरांत कुणी ना कुणी कंपनीत लागलेलं.

पण गावात एक हाळी होती, जिला घरात बसून राहायची सोय नव्हती. शेताच्या बांधाला उधाणाने भगदाड पडलं की आम्ही म्हणतो, खांड गेली. ही हाळी ऐकली की ताटावरचा माणूस उठतो, भांडणातला भांडण टाकतो, फावडं घेऊन पळतो. जो पहिला पोचेल त्याने खांडीत आडवं पडून पाणी थोपवायचं, आणि मागच्यांनी त्याच्या पाठीशी चिखल टाकत यायचं. बाबांनी तरुणपणी तीनदा अंगावर खांड घेतली होती. हरेशने एकदा, सतराव्या वर्षी. हाळी द्यायचा मान आमच्या घराकडे होता.

"खोटी हाळी मी देनार नाय," बाबा म्हणाले. जबडा वाकडा जुळल्यामुळे त्यांचे शब्द फुटके यायचे.

"खोटी कशी? तिथे पोचल्यावर खांड पाडायचीच आहे ना."

"खांड बुजवायची आसते, रंजू. पारायची नसते."

मी दोन दिवस त्यांच्या मागे लागले. रडले, जेवले नाही, पाइपची आठवण करून दिली. शेवटी त्यांना म्हटलं, वाकण मेलं तर ते तुमच्या बंद तोंडामुळे मेलं असं सांगेन मी गावाला. शनिवारी बारा वाजता ते देवळाच्या जोत्यावर चढले आणि त्यांनी हाळी दिली.

सगळं गाव आलं. कंपनीचा गणवेश घातलेलेही आले. माझी वहिनी मनिषा, हरेशची बायको, पिठाच्या हातांनीच फावडं घेऊन आली. वाकणाच्या तोंडाशी बाबांनी त्यांना सांगितलं, "आज बुजवायची नाय. आज आपनच पारायची." लोक क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग मनिषानेच पहिलं फावडं घातलं.

उदयसिंह आठ-दहा माणसं घेऊन धावत आला. पाइप, दांडके, एकाच्या हातात सळई. त्यांनी बायकांपासूनच सुरुवात केली. माझ्या मनगटावर दांडका बसला आणि दोन बोटं मला जाणवेनाशी झाली. पण या वेळी आम्ही सतरा नव्हतो. कुणीतरी फावड्याच्या पाठीने एकाचा गुडघा फोडला, तो ओरडत उताराला घसरला. सळईवाल्याला चौघांनी चिखलात दाबून धरलं. एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, रक्त डोळ्यांत जात होतं आणि तो खणतच होता. मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. आठ महिने अर्ज टाइप करणाऱ्या बाईला कुणाचं तरी नाक फुटलेलं बघून बरं वाटलं.

तेवढ्यात आम्ही खणलेल्या चराने तोंड उघडलं. उधाणाचं पाणी हातभर रुंद फटीतून आत घुसलं आणि कडेची माती खात चाललं.

हरेश बांधाच्या दुसऱ्या टोकाला होता, आपल्याच डंपरजवळ. त्याने हाळी ऐकली होती. बाबांचं पुढचं बोलणं तिथपर्यंत पोचलं नव्हतं. त्याला दिसलं ते इतकंच, की पाणी आत चाललंय, सगळं गाव फावडी घेऊन उभं आहे आणि खांडीत कोणीच पडलेलं नाही. तो चपला टाकून धावला. मला वाटलं, कंपनीच्या बाजूने मारायला येतोय. मी फावडं उगारलं. तो माझ्या बाजूने गेला आणि खांडीत आडवा झाला, पाठ खाडीकडे, हातपाय दोन्ही कडांत रोवून.

पाणी थांबलं.

"बगता काय? माती टाका," तो ओरडला.

आणि चार-पाच जणांनी टाकली. सवयीने. त्यांचे हात त्यांना विचारून चालत नव्हते.

"हरेश, उठ," बाबा म्हणाले. "खांड आपनच पारली हाय."

त्याने मान वळवून बाबांकडे पाहिलं. भुवईवरची माझ्या तांब्याची खूण मला स्पष्ट दिसली. त्याला कळलं असावं, कारण त्याने एक हात कडेतून सोडवला. तोवर उदयसिंहाने हरेशचाच डंपर मागे घेत खांडीपर्यंत आणायला लावला होता. "खाली कर," तो ड्रायव्हरला ओरडला. खांडीत माणूस आहे हे दिसलं नाही, असं तो आज पोलिसांना सांगतो. सिमेंटचे तुकडे, विटा, तुटक्या सळया, सगळं एकदम माझ्या भावावर पडलं.

मग गाव तुटून पडलं. दगड ओढले, सळया वाकवल्या. मनिषा हातांनी खणत होती, तिची नखं उलटली तरी थांबली नाही. बाबा नुसते फावडं मारत होते. माझं फावडं मऊ कशाला तरी लागलं. तो त्याचा खांदा होता. मी फावडं टाकलं आणि हातांनी माती उपसली. आम्ही त्याला काढायला जितकं खणत गेलो तितका बांध खचत गेला. तो हाताला लागला तेव्हा तोंड वीस हात उघडलं होतं आणि खाडी आमच्या कमरेएवढी होऊन आत धावत होती. त्याच्या तोंडात माती होती. मनिषाने ती बोटाने काढली, पुन्हा पुन्हा, आत काही उरलं नाही तरी.

उदयसिंहाला अटक झाली. पोलिसांनी पंचनामा करून बांधाला फीत लावली, ती रविवारच्या भरतीने नेली. त्या दिवशी हरेशला अग्नी दिला.

सोमवारी समिती आली. सुतकात घराबाहेर पडू नये म्हणून मी हात धरला, तरी बाबा आले. वाकणात गुडघाभर पाणी होतं. पिवळ्या तिवरांच्या बुंध्यांशी निवट्या उड्या मारत होत्या. त्या कुठून आल्या कोण जाणे. समितीच्या बाई कडेला उतरल्या, एक फांदी वाकवून बघितली, शेंड्याचा हिरवा कोंब बोटाने चाचपला. मग बाबांना म्हणाल्या, "आजोबा, हे तोंड नैसर्गिक आहे का?"

"माज्या आज्याच्या आगोदरपासून हाय."

"मग मधे बंद होतं, असं कागदावर आहे."

"व्हता. एकदा बुजला व्हता."

"कोणी बुजवलं?"

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. 

"घरच्याच मानसानी."

बाईंनी "स्थानिक व्यक्तीकडून" असं लिहिलं आणि पान उलटलं. बांध कंपनीचा होता, आणि कागदावर हरेश गेला; चूक माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती दुरुस्त केली नाही.