फुग्याचा दिवा

सन २०१५ च्या मार्च महिन्यात, अकोट येथे, कापसातून सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात अब्दुल गफ्फार एक जुनी, उंची परदेशी गाडी पारखीत उभे होते. त्यांची डॉक्टर मुलगी तुबा हीच गाडी रोज अमरावतीहून अकोल्याला नेणार होती. म्हणून त्यांचा सारा संशय एअरबॅगवर, म्हणजे अपघातात फुगून जीव वाचवणाऱ्या फुग्यावर, एकवटला होता.

"चाचा, डॅशबोर्डवरचा फुग्याचा दिवा लागते अन् विझते. फुगा बराबर आहे," जिनिंगचे आणि गाडीचेही मालक नितेश म्हणाले.

दिवा विझत होता खरा. पण इंजिन सुरू होताच, नेमका ऑइलच्या दिव्यासोबत. गफ्फारांना ही जोडी खटकली. ते स्टिअरिंगमागे बसलेल्या तुबाला म्हणाले,

"बेटी, इंजिन नको सुरू करू, नुसती चाबी फिरव. फुग्याचा दिवा आपल्या आपणच विझाले पायजे."

तो विझेना.

"काहून भाऊ, फुग्याच्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याले जोडून दोघायचं लगन लावून देलं काय?" गफ्फारांनी विचारले.

नितेश हसले, पण एकटेच. तुबाने स्टिअरिंगवरचे झाकण दाबले. ते उशीसारखे दबले. गफ्फारांनी ते उचकटले. आत फुग्याच्या जागी कापूस कोंबलेला होता.

"फुगा अपघातात फुटला होता," नितेश अखेर बोलले. "नव्याचा खर्च अर्ध्या गाडीएवढा सांगतला. दोन सालापासून जिनात कापूस येऊन नाही राहिला, चाचा."

"आला तेवढा इथंच भरला वाटते!" गफ्फार म्हणाले.

तुबा खाली उतरली आणि तिने चावी नितेशच्या हातावर ठेवली.

"नितेशभाऊ, ही गाडी आम्ही घेत नाही."