मंजुश्रीचं कन्नड

हुलसूरहून सामानाचा टेम्पो निघाला, तसं धम्मानंदनं पाच वर्षांच्या मंजुश्रीला कन्नड शिकवायला घेतलं. कलबुर्गीला बदली झालेली; तिथं मराठीवर कसं भागायचं?

"नव्या गल्लीत कुणीबी भेटलं की 'ऊटा आत्री?' म्हणायचं. म्हंजे, जेवण झालं का."

पोरगी घोकायला लागली. त्याच्या बायकोचं, प्रियंकाचं, माहेर उदगीरचं; तिचं कन्नड बाजारापुरतं. तीही मनातल्या मनात घोकत होती.

सामान उतरलं. धम्मानंद गॅसची नळी आणायला गेला आणि मंजुश्री गल्लीत पसार झाली. परतली ती खुशीत.

"मम्मी, सगळ्यांला बोलून आले."

प्रियंकाला लेकीचं कौतुक वाटलं. ते साडेबारापर्यंत टिकलं. साडेबाराला दारात सात बाया, चार लेकरं आणि काठी टेकत एक आजोबा हजर.

समोरच्या घरातल्या अक्कम्मा पुढं होत्या. त्यांना मोडकंतोडकं मराठी यायचं. "पोरगी घरोघर 'ऊटक्क बर्री' म्हणली. आल्या आल्या जेवायला बोलावलाव. मोठं मन हाय."

प्रियंकानं लेकीला आत ओढलं. "असं कामून म्हणलीस गं?"

"पप्पाचं इसरले. वाटंतल्या धाब्यावरचा मामा म्हणत हुता, ते म्हणले."

चूक झाली म्हणावं, तर आजोबा चपला काढून आत आलेले. प्रियंका म्हणाली, "बसा."

बसायला पोतीच होती. सासूनं तीन दिवस पुरतील एवढे धपाटे बांधून दिले होते, ते तिनं सोडले. पण ताटं कोणत्या पोत्यात? अक्कम्मांनी पदर खोचला. एकीनं पोती उसवली, दुसरीनं फळ्या पुसल्या, तिसरी घरून भाताचं पातेलं घेऊन आली. घड्याळ कुठं टांगायचं ते आजोबांनी काठीनं दाखवलं.

धम्मानंद आला तेव्हा घर लागलं होतं आणि पंगत बसली होती.

"हे कोण?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमच्या शिकवणीचे पाहुणे. भात वाढा."

सकाळी प्रियंका चहा टाकायला उठली, तर साखर सापडेना. शेवटी समोर गेली.

"अक्का, आमची साखर कुठं ठिवलाव?"

"वरच्या फळीवर. पोरीचा हात पोचायला नगं."

तिथं प्रियंकाचाही पोचत नव्हता. चार दिवस चहाच्या वेळी अक्कम्माच येऊन साखर काढून देत होत्या, आणि आल्याच आहेत तर चहा पिऊन जात होत्या.